रात्रीचा ब्रश: दात-हिरड्यांची रोजची निगा, अगदी सुरुवातीपासून

सांगली-मिरजेत दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही. तरी आमच्याकडे माणूस येतो तो दाढ ठणकायला लागल्यावर, आणि तेही एक-दोन रात्री जागून काढल्यावर. तोवर लवंग चघळून झालेली असते, तुरटीच्या गुळण्या झालेल्या असतात, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पट्टी संपत आलेली असते. खुर्चीत टेकल्या टेकल्या पहिलं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, ब्रश तर रोज सकाळी न चुकता करतो हो!" आणि ते खरं असतं. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा, त्या तोंड धुण्यातच ब्रश उरकायचा, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दाताचं नुकसान मात्र जास्त करून रात्री होतं. त्यामुळे या लेखातलं एकच काही पाळायचं ठरवलंत, तर रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश पाळा.

कारण साधं आहे. दातावर सतत एक चिकट, पांढुरका थर धरत असतो. नखानं दात खरवडलात तर नखात येतो तो. त्यात जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की त्यातली साखर तेही खातात आणि आम्ल सोडतात. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण आम्लापुढं त्याचं चालत नाही, तो हळूहळू विरघळतो. दिवसा लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झालेली झीज थोडीफार भरूनही काढते. झोपेत लाळ फार कमी होते. जेवणाचे कण आणि तो थर दातावर तसाच ठेवून झोपलात, तर जंतूंना सहा-सात तास मोकळं रान मिळतं.

आधी साहित्य बघू

ब्रश घेताना पाकिटावर "सॉफ्ट" लिहिलेलं बघा. "दात घासल्यासारखं वाटत नाही" म्हणून हार्ड ब्रश मागणारे पुष्कळ भेटतात. भांडी घासायची सवय दातांना लावू नका. ब्रशचं डोकं लहान असावं, शेवटच्या दाढेपर्यंत पोचलं पाहिजे. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला. केस त्याआधीच फिसकारले तर लगेच. आणि महिन्याभरातच फिसकारत असतील, तर ब्रशला नावं ठेवू नका, तुमचा हात जड आहे.

पेस्टच्या जाहिरातीकडं लक्ष देऊ नका, ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तिथं "सोडियम फ्लोराइड" किंवा "सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट" असं काही दिसलं पाहिजे. फ्लोराइड म्हणजे इनॅमलला आम्लापुढं टिकायला बळ देणारा घटक. मोठ्यांसाठी साधारण 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट चांगली. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. चव आवडत असेल तर सकाळी ती वापरा, रात्री मात्र फ्लोराइडचीच.

राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा, खडे मीठ आणि बाजारात मिळणारी खरखरीत मंजनं बंद करा. त्यांनी दात पांढरे झाल्यासारखे वाटतात, कारण वरचं कवचच घासलं जातं. ते पुन्हा येत नाही. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही, पण ती आतल्या बाजूला पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नाही. रानात गेल्यावर हौस म्हणून ठीक.

हात कसा फिरवायचा

आधी एक करा. जिभेचं टोक खालच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या बाजूनं फिरवा, हिरडीला लागून. खरखरीत लागतंय? बहुतेकांना लागतं. जिभेखाली तिथं लाळेच्या नळ्या उघडतात, लाळेतले क्षार त्या चिकट थरात बसतात आणि त्याचं दगडासारखं किटण होतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही हेच, कारण तिथं गालातली लाळेची नळी उघडते. म्हणजे सगळ्यात आधी किटण धरणाऱ्या या दोन जागा. आपला ब्रश जातो कुठं, तर समोरच्या दिसणाऱ्या दातांवर, आडवा, खसाखसा.

म्हणून सुरुवातच खालच्या पटाशीच्या दातांच्या मागून करा. ब्रश उभा धरून त्याचं टोक वापरा. मग खालच्या दाढांची आतली बाजू, मग वरच्या दाढांची आतली बाजू, मग गालाकडची, आणि शेवटी चावायचे सपाट भाग. समोरचे दात सगळ्यात शेवटी, ते कोणाचेच राहत नाहीत.

ब्रश मुठीत आवळू नका, पेन धरतो तसा बोटांत धरा. केस निम्मे दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर टेकतील असा तिरका ठेवा. जागच्या जागी अगदी लहान लहान हेलकावे द्या, दोन-तीन दातांवर आठ-दहा, आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडं झाडून घ्या. वरच्या दातांना खाली, खालच्या दातांना वर. वरच्या शेवटच्या दाढेशी ब्रश जात नसेल तर तोंड आ वासू नका, उलट अर्धं मिटा. गाल सैल पडतो आणि जागा होते. ही युक्ती कळल्यावर लोक आरशात बघून हसतात, पण ब्रश खरंच जातो.

सगळ्याला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं म्हणजे रेडिओवरचं अर्ध गाणं. घड्याळ लावून एकदा बघा. बहुतेकांचा ब्रश त्याच्या कितीतरी आधी आटोपलेला असतो.

जोर लावून आडवं घासणाऱ्यांच्या दाताच्या मुळाशी, हिरडीलगत, पाचरीसारखी खाच पडते. गार पाणी लागलं की तिथं सणक जाते. उजव्या हातानं घासणाऱ्यांची ही खाच बऱ्याचदा डाव्या सुळ्याजवळ दिसते, कारण हाताचा सगळा जोर तिथं पडतो.

ब्रश झाल्यावर फेस थुंका. चूळ भरायची तर घोटभर पाण्याची, एकच. आपल्याकडं तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, पण त्यात दातावर राहायला हवं ते फ्लोराइड वाहून जातं. रात्री तर फेस थुंकून तसंच झोपलात तरी उत्तम. दोन-चार दिवस चमत्कारिक वाटेल, मग सवय होते. त्यानंतर पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. दूधही नाही.

जीभ साफ करायला टंग क्लीनर मागून पुढं हलक्या हातानं दोन-तीनदा ओढला की झालं. मोरीत वाकून, घशात बोटं घालून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओकाऱ्या काढायची काही गरज नाही. त्यानं पित्त वगैरे काही पडत नाही, घसा मात्र सोलवटतो आणि पोटातलं आम्ल दातांवर येतं ते वेगळंच.

दोन दातांच्या फटीत

ब्रश फटीत शिरत नाही. मटणाचा रेषा, पेरूची बी, मक्याच्या दाण्याचं साल तिथं अडकतं, आणि मग काडेपेटीतली काडी, सेफ्टी पिन, हाताला येईल ते तोंडात जातं. याला दोनच चांगले उपाय आहेत. दात जवळजवळ असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांत फिरवायचा दोरा. हातभर तोडून दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मधे दोन-तीन बोटं अंतर ठेवा, करवतीसारखा हळू मागं-पुढं करत फटीत उतरवा. आत गेल्यावर एका दाताला बिलगून वर-खाली, मग शेजारच्याला. झटका देऊन हिरडीत घुसवायचा नाही. फटी मोठ्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशच्या घाटाचे बारीक इंटरडेंटल ब्रश मिळतात, ते फ्लॉसपेक्षा सोपे पडतात. दिवसातून एकदा, रात्री, ब्रशच्या आधी.

जेवल्यावर दर वेळी एकाच फटीत अडकतं? तिथं बहुतेक कीड लागलेली असते किंवा जुनं सिमेंट निघालेलं असतं. दाखवून या.

गोडाचं गणित

आपण ऊस, गूळ, बेदाणे पिकवणारी माणसं, त्यात साताऱ्याचा कंदी पेढा हाकेच्या अंतरावर. गोड सोडा असं कोणी सांगितलं तर मीसुद्धा ऐकणार नाही. पण दातांच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. गोड तोंडात गेलं की पुढं अर्धा तासभर तोंडात आम्ल राहतं. जेवणासोबत दोन पेढे खाल्ले तर एकच अर्धा तास. तेच दोन पेढे दुपारभर तुकडे तुकडे करून चघळले तर अख्खी दुपार.

खरी गोम चहात आहे. मार्केट यार्डात, ऑफिसात, दुकानाच्या गल्ल्यावर दिवसाला सात-आठ अर्धे चहा सहज होतात, प्रत्येकात साखर, शिवाय सोबत बिस्किट. पेढा आठवड्यातून एकदा, हे रोजचं. चहा कमी होत नसेल तर निदान साखर कमी करा, घुटके घेत तासभर रेंगाळू नका आणि चहानंतर साध्या पाण्याची चूळ भरा.

बेदाणा, चिक्की, काकवी, खजूर हे तब्येतीला चांगलं म्हणून मुलांच्या खिशात भरून देतात. दाढेच्या खाचेत चिकटून बसणारं हेच. खाऊ द्या, पण जेवणाच्या वेळी, आणि वरून पाणी. गुऱ्हाळावर रस प्यायला गेलात तर पोटभर प्या, मग चूळ भरा. द्राक्षं, चिंच, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक अशा आंबट गोष्टींनंतर मात्र लगेच ब्रश करू नका. दात आंबलेले असताना वरचं कवच मऊ पडलेलं असतं. अर्धा तास जाऊ द्या.

मिश्री आणि मावा

सातारा-सांगलीकडं दातांवर लिहायचं आणि मिश्रीबद्दल बोलायचं नाही, असं होऊच शकत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी तर्जनीनं दातांवर, हिरड्यांवर चोळत उंबऱ्याशी बसायचं. मग दुपारी भांडी झाल्यावर, मग संध्याकाळी. बहुतेक बायकांची सुरुवात दाढदुखीनं होते. शेजारीण म्हणते, "चिमूटभर लाव, गुण येतो." येतोही, तंबाखूनं तेवढ्यापुरतं बधिर होतं. दाढेतली कीड आत चालूच राहते, आणि डबी जन्माची सोबतीण होते.

"मिश्री नाही लावली तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं" असं जे सांगतात, ते व्यसनाचंच लक्षण आहे. अंगाला निकोटीनची सवय लागलेली असते. हिरड्या मागं सरकतात, मुळं उघडी पडतात, दात लांब दिसायला लागतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तंबाखू खाणाऱ्यासारखाच. गरोदरपणात मिश्री लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

घरात सासूबाई, मावशी, आत्या लावत असतील तर नाक मुरडून काही होत नाही. त्यांच्यासाठी मऊ ब्रश आणि पेस्ट आणून ठेवा, सकाळची वेळ तीच राहू द्या, हातातली वस्तू बदला. दुपारची आधी सोडवा, सकाळची सगळ्यात शेवटी सुटते. बडीशेप, ओवा जवळ ठेवा. पहिला आठवडा चिडचिड होते, ती घरच्यांनी सोसायची. 1800-11-2356 या तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो.

पुरुषांमध्ये आणि आता कॉलेजच्या पोरांमध्ये मावा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू, चुना चोळून दिलेली पुडी टपरीवर मिळतेच. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. तिनं गालाचं आतलं कातडं ताठर होत जातं. आधी तिखट सोसेनासं होतं, मग तोंड उघडेनासं होतं. आत्ताच करून बघा: आपल्याच हाताची मधली तीन बोटं जोडून उभी, वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर पुडी आजच टाका आणि या आठवड्यात तोंड दाखवून या. ताठरलेलं कातडं पूर्ववत होत नाही, पण वाढायचं थांबू शकतं. तसंच तोंडात दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम, न दुखणारी गाठ, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर थांबू नका. दुखत नाही म्हणून सोडून देतात, आणि तिथंच घात होतो.

हिरडीतून रक्त येतं तेव्हा

ब्रश करताना रक्त दिसलं की लोक तेवढी जागा सोडून घासतात, नाहीतर ब्रशच बंद करून बोटानं पेस्ट लावतात. हे बरोबर उलटं झालं. रक्त येतं ते हिरडीलगत थर साचून ती सुजल्यामुळं. तिथंच, मऊ ब्रशनं, सांगितलं तसं घासलं तर सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत थांबेल. नाही थांबलं, तर किटण धरलंय असं समजा. ते ब्रशनं निघत नाही, दवाखान्यात मशिननं काढावं लागतं.

"मशिननं दात साफ केले की हलायला लागतात" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी किटण काढण्याआधीच समजावून सांगतो. किटणानं हिरडी आणि आतलं हाड आधीच खाल्लेलं असतं. मोडकळलेलं कुंपण वेलीच्या गुंत्यानं उभं राहावं, तसे ते दात किटणानं एकमेकांना धरून असतात. किटण निघालं की खरी अवस्था कळते. वेळेत काढलं असतं तर दात हललेच नसते. वरची दाढ काढली की नजर जाते, हीसुद्धा तशीच अफवा. दाढेच्या मुळाचा आणि नजरेचा काही संबंध नाही.

आपली हळद नावाजलेली, म्हणून हळद, मीठ, तेलानं हिरड्या चोळायचा उपाय घरोघरी आहे. हलक्या बोटानं केलात तर बिघडत नाही, थोडं बरंही वाटतं. पण त्यानं किटण निघत नाही, आणि मीठ बारीक नसेल तर हिरडी सोलते.

शुगर असलेल्यांनी हिरड्यांना जपायचंच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. गरोदरपणातही हिरड्या सुजतात, रक्त येतं. तेव्हा ब्रश सोडू नका आणि डॉक्टरांना सांगून उपचार घ्या. मधले तीन महिने त्याला सोयीचे.

मुलांचं

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तेव्हापासून ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मग सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश आई-बापानं, आजी-आजोबांनी करून द्यायचा. पोराच्या हातात ब्रश दिला की ते पेस्ट खातं आणि निघून जातं. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे दात त्यानंच काळे पडतात.

"दुधाचेच आहेत, पडणारच" म्हणून किडू देऊ नका. ते पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथं: सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. काही पडलेलं नसतं, त्यामुळं घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते, जन्मभराची. तिच्या खोल खाचा डॉक्टर सीलंट लावून बुजवू शकतात, न दुखता, सुई न टोचता. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा दातांचंही बघतात. चिठ्ठी दप्तरात राहून जाते, तेवढी मागून घ्या.

पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर त्याला मुळाकडून धरू नका, घासू नका. माती असेल तर दुधानं किंवा पाण्यानं क्षणभर खळबळून जमलं तर त्याच खोबणीत बसवा, नाहीतर गार दुधाच्या वाटीत टाका आणि तासाभराच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, दवाखाना गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही.

आजी-आजोबांची कवळी: रात्री काढायची, साबण आणि ब्रशनं धुवायची, साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात वाकडी होते.

दवाखान्यात कधी आणि कुठं

दुखत नसताना, सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षातून एकदा. इनॅमलला संवेदना नसते, त्यामुळं कीड लहान असताना काही कळत नाही. तेव्हा सिमेंट भरून भागतं. रात्रभर ठणका लागला म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली, मग रूट कॅनाल, कॅप, आणि खर्च कितीतरी पट. दुखतंय म्हणून गोळी चुरून हिरडीवर ठेवू नका, तिथलं कातडं भाजतं. गाल सुजला, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा.

पैशाची अडचण असेल तर डेंटल कॉलेजची ओपीडी हा चांगला पर्याय. सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचं, तासगावच्या बाजूला कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं, आणि सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णाचं. शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या पडतात, पण घाई करत नाहीत आणि खर्च कमी येतो. सकाळी लवकर जा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या, मनानं बंद करू नका. आणि घरून काहीतरी खाऊन निघा. रांगेत उशीर होतो, आणि उपाशीपोटी खुर्चीत बसल्यावर काहींना इंजेक्शन नुसतं बघूनच चक्कर येते.